तुम्ही विचारलंत म्हणून: क्रॉसलिंकिंग भरपूर का नाही करत?

आयन एक्सचेंज मेंब्रेनवर (ठरावीक आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आरपार जाऊ देणारा पॉलिमरचा पातळ पडदा) काम करते म्हटलं की हा प्रश्न येतोच. क्रॉसलिंक केल्यावर, म्हणजे पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्यावर, मेंब्रेन कमी फुगतं, मजबूत होतं, मग क्रॉसलिंकर (हे बांधणारं रसायन) सढळ हाताने घालून मोकळं का नाही होत?

पाण्यामुळे. मेंब्रेनमध्ये आयन फिरतात ते पाण्याच्या वाटांनीच. पॉलिमरच्या साखळीवर सल्फोनिक ग्रुप (आम्लधर्मी अणुगट) लावला की तो पाणी ओढून घेतो आणि प्रोटॉनला रस्ता मिळतो, पण ग्रुप जास्त झाले तर मेंब्रेन इतकं फुगतं की चिमट्याने उचलायला गेलं तर फाटतं, काही तर गरम पाण्यात चक्क विरघळतात. साखळ्या एकमेकींना बांधल्या की हे आवरतं. अति बांधल्या की वाटा अरुंद होतात, कंडक्टिव्हिटी (आयन वाहून नेण्याची क्षमता) पडते, आणि वाळल्यावर तेच मेंब्रेन घडी घालताना तडकतं. व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत (व्हॅनेडियम धातूच्या द्रावणांत वीज साठवणारी बॅटरी) मात्र थोडी कंडक्टिव्हिटी गेलेली परवडते, कारण अरुंद वाटांतून एका बाजूचं व्हॅनेडियमही दुसऱ्या बाजूला कमी झिरपतं. म्हणजे किती क्रॉसलिंकिंग हवं हे मेंब्रेन कुठे वापरायचंय त्यावर ठरतं.

मला सगळ्यात आवडतो तो डायअमाइनचा मार्ग. क्लोरोमिथाइल ग्रुप असलेल्या पॉलिमरमध्ये डायअमाइन, म्हणजे दोन्ही टोकांना टर्शरी अमाइन (नायट्रोजन असलेला ग्रुप) असलेला रेणू, घातला की तो दोन साखळ्या जोडतो आणि जोडताना दोन्ही टोकांना क्वाटर्नरी अमोनियम (धन भाराचा ग्रुप) तयार होतो, म्हणजे जोडणाराच ॲनायन (ऋण भाराचे आयन) वाहून न्यायला मदत करतो! नाहीतर बाकीचे बरेच क्रॉसलिंकर नुसतेच जागा अडवतात किंवा कामाचे ग्रुप खर्च करतात.

यात वेळ सांभाळणं फार महत्त्वाचं. एकदा क्रॉसलिंक झालेलं पॉलिमर ना विरघळत ना वितळत, त्यामुळे फिल्म आधी ओतायची आणि रिॲक्शन नंतर पूर्ण होऊ द्यायची. डायअमाइन घातल्यावर द्रावण हळूहळू घट्ट व्हायला लागतं, मॅग्नेटिक स्टरर अडखळतो, तोवर ते काचेवर पसरलेलं असलं पाहिजे, नाहीतर बीकरमध्येच जेल होतं आणि मग त्याचं काही करता येत नाही.

आणि क्रॉसलिंकिंग म्हणजे टिकाऊपणाची हमी असं समजू नका. १९६५ च्या जेमिनी ५ या अमेरिकन अंतराळयानातल्या फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणारा सेल) सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचं मेंब्रेन होतं, आणि त्या पॉलिमरचा कच्चा दुवा म्हणजे ऑक्सिडेशन. सेलमधले रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) थेट साखळीच तोडतात, तिथे साखळ्या एकमेकींना बांधून फारसं काही साधत नाही. नंतर आलेल्या नाफिऑन या मेंब्रेनमध्ये क्रॉसलिंक नाहीतच, तरी ते टिकतं, कारण त्याची साखळी टेफ्लॉनसारखी कार्बन-फ्लोरिनची आहे. म्हणून नवीन पॉलिमर हातात आलं की मी आधी साखळी बघते, क्रॉसलिंकर नंतर.