तिचा राग तिचाच राहू दे

मार्गशीर्षातला गुरुवार, रात्री

आज मानसोपचार वॉर्डात लेक माझ्यावर चिडली. धुवायचे कपडे काढायला मी तिची बॅग उघडली होती. "मला विचारायचं न्हाई का? माझी बॅग हाय ती," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. सिस्टर दारात थबकल्या. मी हातानेच 'असू दे' अशी खूण केली. अर्ध्या तासाने तीच उठून बसली. "डब्यात काय दिलंय पप्पांनी?" भाकरी आणि भरली वांगी संपवली, वर माझ्यातली अर्धी भाकरी घेतली. मला किती बरं वाटलं हे घरात सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. सोळा वर्षांच्या पोरीसारखी ती चिडली, आणि तशीच निवळली.

वय कुठलं आणि आजार कुठला, हे ओळखणं ही आता माझी इथली ड्यूटी. गोळ्या सिस्टर देतात, डोस डॉक्टर ठरवतात, पण चोवीस तास सोबत मीच असते. इथल्या समुपदेशक मॅडमनी झोपेवरून बघायला शिकवलं. या वयातली पोरं मोबाईल घेऊन रात्र रात्र जागतात, पण मग सकाळी उठता उठत नाहीत, दिवसभर पेंगतात. मेनिया, म्हणजे मन बेफाम धावायला लागतं तो आजार, चढला की पोरगं दोन तास झोपतं आणि तरतरीत उठतं. झोप हवीशीच वाटत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. पहाटे तीनला स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली काढून घासत बसायची. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. एका पहाटे अनवाणीच जोतिबाला चालत निघाली, ह्यांनी तिला शिवाजी पुलावर गाठलं. घरी आणली तर गल्लीत बातमी आधीच पोहोचलेली, पोरीच्या अंगात आलंय. शेजारच्या दोघी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. एकीने तिच्या पायावर पाणी घातलं आणि विचारलं, "माझ्या लेकाचं लग्न कधी जमंल, आई?" माझी पोर उत्तर देत होती. भराभरा, न थांबता, थरथरत. त्या बायांबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांनी श्रद्धेनेच हात जोडले होते. पण जिला दवाखान्याची गरज होती तिला देव्हाऱ्यात बसवत होते, हे मी आयुष्यात विसरणार नाही.

त्या रात्री 14416 ला फोन लावला. टेलिमानसचा नंबर, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागतो. पलीकडच्या बाईंनी मराठीतून शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि उद्यावर ढकलू नका म्हणाल्या.

'पोरीला वेड्यांच्यात टाकलं' असं नात्यातलं एक माणूस बोललं. टाकलं नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला दाखल करताना पालकाने अर्ज करायचा, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासायचं. आम्ही सही केली ती दोघांची मतं ऐकून. मुलांना मोठ्या पेशंटांपासून वेगळं ठेवावं लागतं. दाखल केल्याचं 72 तासांत मंडळाला, म्हणजे अशा दाखल्यांवर नजर ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, कळवावं लागतं, आणि मुक्काम तीस दिवसांपुढे गेला तर मंडळ स्वतः तपासून बघतं. आणि पालकाने किंवा सोबतीने पूर्ण वेळ मुलाजवळ राहायचं, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणून माझी पथारी तिच्या खाटेला लागून. रात्री तिचा हात खाली लोंबतो, तो माझ्या खांद्याला लागतो.

आता लिथियम सुरू आहे, मन स्थिर ठेवणारी गोळी. रक्ताचा नमुना रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी द्यायच्या आधी घेतात, नाहीतर आकडा खोटा येतो. बोटं बारीक थरथरतात, तहान फार लागते. किडनी आणि थायरॉईडच्या तपासण्या अधूनमधून होतच राहणार.

सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात. आज फोनवर नातीला म्हणाल्या, तूही धर, लक्ष्मी बरं करेल. लेकीलाही धरायचा होता. डॉक्टर मॅडमनी तिलाच समोर बसवून समजावलं. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी ते धरून ठेवते, रक्तातलं प्रमाण चढतं. मग उलट्या, तोल जाणं, गुंगी. म्हणून निर्जळी नाही, अळणी नाही. पाळीत पोट दुखलं म्हणून घरात पडलेली आयबुप्रोफेनही विचारल्याशिवाय नाही, तिनेही तेच होतं. लेकीने लगेच विचारलं, "मग आज्जीची पूजा मांडायला चालंल न्हवं?" चालेल. सासूबाईंना हे कळवल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मीठ घालून खिचडी पाठवू का?" माझ्या सासूबाई अशा आहेत.

शनिवारी शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची फुटबॉलची मॅच आहे. लेकीला जायचंय. गर्दी, हलग्या, आरडाओरडा, माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टर मात्र म्हणाल्या, मॅच दुपारची आहे, संध्याकाळी सातच्या आत परत या, रात्रीची झोप चुकवायची नाही. तेवढ्या वेळेची रजा लिहून दिली. मी काय घालून जायचं ते बघायला लागले तर बाईसाहेब म्हणतात, "तू नको. मी पप्पांसंगं जातो. तू सारखी माझ्या तोंडाकडं बघत असतीस."

बघते मी. डोळे जड झालेत का, बोलणं भरभर व्हायला लागलंय का. ते थांबणार नाही, निदान इतक्यात तरी नाही. पण मॅचला दोघंच जाऊ देत. हाफटाइमला बाटलीतलं पाणी संपलं की नाही ते ह्यांनी मला फोनवर सांगायचं, एवढीच माझी अट. लेकीने ती मान्य केलीय, वर स्वतःची एक घातलीय, फोन मी करायचा नाही.