आमची वाटचाल: हात सुटलेल्या संकासुरापासून पुढे

2016 च्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीत साठ लाकडी संकासुर, म्हणजे खेळण्यातले बाहुले, पडून होते. किनारपट्टीवरच्या एका दुकानाने ते मागवले होते. माल तयार झाला तेव्हा ‘आता सीझन संपला, ऑक्टोबरात बघू’ असं उत्तर आलं. गोव्यातल्या डिचोलीतला जुलै म्हणजे भिंतींनाही घाम फुटतो. महिनाभरात काळ्या रंगावर पांढरी बुरशी चढली, लाकूड फुगलं, आणि खोबणीत बसवलेले हात एकेक करून सुटायला लागले.

दशावतारातला हा संकासुर आम्ही अगदी नाटकातल्यासारखा केला होता. काळा मुखवटा, वटारलेले डोळे, बगलेत चोरलेले वेद. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो, आयुष्यभर गणपतीच्या चित्रशाळेत काम केलेले. डोळे आखायला त्यांच्यासारखा हात नाही. साठच्या साठ चेहरे त्यांनीच रंगवले होते.

माझी जाऊ बालवाडीत शिकवते. मुलांना खेळायला होतील म्हणून तिने एक पिशवी भरून नेली. त्यात पाच-सहा नग असे होते, ज्यांचा चेहरा बुरशीमुळे मी घासून कोरा केला होता. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले. वटारलेल्या डोळ्यांचे संकासुर खिडकीत ओळीने उभे करून ठेवलेले. ‘ते रागावलेत,’ एवढंच मुलं म्हणाली. खेळ चालला होता तो कोऱ्या चेहऱ्यांचा. एका मुलीकडचा, हात नसलेला, पोदेर (घरोघर पाव विकणारा) झाला होता. हात कुठे गेला विचारलं, तर म्हणाली, ‘पावांच्या पाटीत आहे. पाव गरम आहेत ना, म्हणून काढत नाही.’ मग तो पोदेर घरोघर फिरला, एका घरी कुत्रा मागे लागला, एका घरी आजी झोपली होती. वीस मिनिटं गोष्ट चालली. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथून धरते.

पुढे वाचताना कळलं की जर्मनीतल्या हान्स बेक यांनी हेच कधीच ओळखलं होतं. 1974 मध्ये बाजारात आलेल्या प्लेमोबिल या खेळण्यातल्या साडेसात सेंटिमीटरच्या माणसांना त्यांनी नाक दिलं नाही. दोन डोळे आणि एक हसू, मुलं काढतात तसं. लेगोची छोटी माणसंही 1978 पासून दहाएक वर्षं एकाच हसऱ्या चेहऱ्याची होती.

बाबांना हे पटवणं सोपं नव्हतं. डोळे आखले की मूर्तीत जीव येतो, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ‘अगो, तोंड नसलेला माणूस कोण विकत घेईल?’ असं म्हणून ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा घेतला आणि दोनच ठिपके दिले, नेहमीपेक्षा जरा खाली. ठिपके खाली आले की कपाळ मोठं दिसतं आणि चेहरा लहान मुलाचा होतो. आजही ते ठिपके तेच देतात.

आता आमचा माणूस आठ सेंटिमीटरचा असतो. मुठीत एक भोक, आणि त्यात बसणाऱ्या वस्तू वेगळ्या: कोयता, सूप, अबदागीर (पालखीपुढे धरतात ती), पाटी. कोणीही काहीही धरावं. नुस्तेंवाली, म्हणजे मासे विकणारी, अबदागीर घेऊन पालखीपुढे चालते, हे मी प्रदर्शनात पाहिलंय. सगळ्यात जास्त खपतो तो घोडेमोडणीचा घोडा. शिगम्यात नाचणारे लाकडी घोडा कमरेला बांधतात, तसा आमच्या घोड्याच्या पोटात गोल खाच आहे. कोणालाही त्यात उभं केलं की तो स्वार.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) नियम सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तरी सुट्या वस्तू लहानग्यांच्या तोंडात जाण्याची भीती असतेच, म्हणून डब्यावर ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ असं आम्ही ठळक लिहितो.

मोठी माणसंही आता घेतात. जपानचे तात्सुया तानाका 2011 पासून रोज एक चित्र करतात, ब्रोकोलीचं झाड आणि त्याखाली इवली माणसं. ते पाहून कलाशाखेची मुलं आमची माणसं मिठागरात, फणसाच्या काट्यांवर उभी करून फोटो काढतात. एका मुलीने फणसाच्या डोंगरावरून उतरणारी पालखी टिपली, तो फोटो कामाच्या टेबलासमोर लावलाय.

चौघं काम करतो. लाकूड आगोटीआधी वाळवून घेतो, पावसात फक्त कापणं आणि पॉलिश पेपर मारणं, रंग चवथीनंतर. सध्या नरकासुर चाललाय. मुलांना तो पाडायचा असतो, म्हणून डोकं वेगळं करून खुंटीवर बसवलंय. पाडा, परत लावा. खुंटी अजून घट्ट होते, बाबा रोज थोडी थोडी तासतायत.