पंचवीस, जर्मन पद्धतीनं

ऑडिशनच्या मेलमध्ये भूमिकेची माहिती दोनच ओळींत होती. घड्याळं दुरुस्त करणारी साठीची बाई, मूळची हॅम्बर्गची, इंग्रजी उत्तम, जर्मन ॲक्सेंट हलका. खाली एक वाक्य: कार्टून नको. इंग्रजी ऑडिओ नाटक, आठ ओळींचा उतारा, मुदत दोन दिवस.

पहिला टेक अर्थातच कार्टून झाला. कपाटात गोधड्या लावून केलेल्या माझ्या 'स्टुडिओत' मी युद्धपटातल्या खलनायकासारखी भुंकत होते. ऐकलं आणि ताबडतोब डिलीट केलं.

मग लक्षात आलं की माझी खरी मारामारी माझ्याच मराठी तोंडाशी आहे. इंग्रजीतला 'द' (the) म्हणायला गेले की आपला दंत्य द बाहेर पडतो. जर्मन माणसाची जीभ तिथे 'झ'कडे घसरते, झ वॉच. ट म्हणताना माझी जीभ मागे वळते. त्यांची वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते आणि वर हवेचा फुत्कार सोडते. दोन्ही ॲक्सेंट एकाच वाक्यात आले की ती बाई कुठलीच वाटेना. व सोपा जाईल असं वाटलं होतं, तोही नाही. आपला व मधल्यामध्ये तरंगतो, त्यांच्या व ला वरचे दात खालच्या ओठावर नीट टेकावे लागतात.

सगळ्यात मजा शब्दाच्या शेवटाला. जर्मनमध्ये शेवटचा ग, ड, ब कडक होतो. 'टाग' लिहायचं, 'टाक' म्हणायचं. त्यात इंग्रजीतला ॲ त्यांच्याकडे नाही, तो ए होतो. म्हणजे बॅड, बेड आणि बेट हे तिन्ही शब्द शेवटी 'बेट'! उताऱ्यात 'बॅड' दोनदा होता. पहिल्यांदा पूर्ण 'बेट' केला, दुसऱ्यांदा अर्धवट सोडला. ॲक्सेंट हलका हवा होता ना.

र साठी तासभर गुळण्या केल्यासारखे आवाज काढले. आई दार ठोठावून घसा दुखतोय का विचारून गेली. आणि एवढं करून जर्मन येणाऱ्या मैत्रिणीला टेक पाठवला तर तिचं उत्तर: "र छान आहे, पण तू इतका का घोटतेयस? ती बाई जर्मन वाटायचा प्रयत्न करत नाहीये गं, ती चांगलं इंग्रजी बोलायचा प्रयत्न करतेय."

बरोबर होतं. सगळं पुन्हा केलं. या वेळी र शब्दाच्या शेवटी जवळजवळ गिळला, आणि स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दाआधी घसा क्षणभर बंद केला. इंग्रज 'ॲन ओल्ड' चं 'अनोल्ड' करतात, ही बाई दोन्ही शब्द वेगळे ठेवते. तेवढ्यानंच ती काटेकोर वाटायला लागली, भुंकावं लागलं नाही.

एका ओळीत ती 'ट्वेंटी-फाइव्ह' घड्याळं म्हणते. जर्मनमध्ये पंचवीस म्हणजे 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. आपल्या पंचवीससारखंच, आधी पाच! (आणि तो त्स म्हणजे आपल्या चोरातला च, हे एक फुकटात मिळालं.) म्हणून मी तिला अडखळवलं: "आय हॅफ फाइफ... ट्वेंटी-फाइफ." स्क्रिप्टमध्ये नसलेलं काही घालू नये म्हणतात. मी घातलं.

सतरावा टेक पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं. पहिली तक्रार, सुरुवातीला स्वतःचं नाव सांगतानाही मी जर्मनच बोलले होते, ते माझ्या मूळ आवाजात पुन्हा पाठवा. दुसरा प्रश्न, पंचवीसला अडखळणं मुद्दाम की चूक?

मुद्दाम, असं लिहिलंय. आज आठवडा झाला.