आळसाचा भाव

'तुम्ही कुठला ब्राउझर वापरता?' असं कुणाला विचारून बघा. समोरचा जरा बावचळतो आणि म्हणतो, 'आपलं नेहमीचंच.' कुणी 'गूगल' म्हणतं, कुणी 'ते निळं गोल'. पंखा घ्यायचा असेल तर आपण चार जणांना विचारतो, पात्यांवरून वाद घालतो. आणि ज्यातून बँक, बातम्या, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास असा निम्मा संसार चालतो, तो ब्राउझर मात्र कॉम्प्युटरबरोबर जो आला तो आला.

ह्या आळसाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. त्याला बाजारात केवढा भाव आहे हे कळल्यापासून तर मी त्याच्याकडे जरा आदरानेच बघतो. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरच्या शोधपट्टीत काहीही टाइप केलं की उत्तर गूगलकडून यावं, एवढ्यासाठी गूगलने २०२२ ह्या एका वर्षात अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेतल्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. बरं, ही सेटिंग बदलायला लागतात चार-पाच क्लिक. ते क्लिक तुम्ही-आम्ही करणार नाही, ह्या खात्रीची ती किंमत. गूगलच्या क्रोम ब्राउझरशी टक्कर देणाऱ्या फायरफॉक्सवाल्या मोझिलाचीही बहुतेक कमाई गूगलबरोबरच्या अशाच करारातून येते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरची चूलही तिथूनच पेटते!

नव्वदच्या दशकातली भांडणंही ह्याच आळसावरून झाली. १९९४ साली आलेला नेटस्केप हा ब्राउझर लोक आवडीने वापरत होते. मग मायक्रोसॉफ्टने आपला एक्सप्लोरर विंडोजबरोबरच द्यायला सुरुवात केली. आयता मिळतोय म्हटल्यावर दुसरा उतरवून घ्यायला कोण जातो? १९९८ मध्ये अमेरिकी सरकारच कोर्टात गेलं, पण खटला तडीस जाईपर्यंत नेटस्केपची रया गेली होती. युरोपने पुढे वेगळा उपाय काढला. २०१० पासून तिथल्या विंडोजवर ब्राउझरांची यादी दाखवायची आणि 'घ्या, निवडा' म्हणायचं. मधे वर्षभराहून जास्त काळ ही यादी लाखो कॉम्प्युटरवर दिसलीच नाही, आणि त्यापायी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड बसला. निवडीची एक खिडकी न उघडल्याबद्दल!

आता एखाद्या रविवारी मनावर घेऊन निवडायला बसलो, तर नावं पुष्कळ दिसतात. पण क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ह्या सगळ्यांच्या पोटात इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा भाग, एकच, गूगलच्या क्रोमियमचं. खरोखर वेगळं काय, तर फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. त्यातही क्रोमियमचं ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिट त्याआधी लिनक्सवाल्यांच्या केएचटीएमएलमधून. सगळी भाऊबंदकीच.

ह्या भाऊबंदकीचा उतारा बघायचा असेल तर ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला आपली ओळख कशी सांगतो ते वाचावं. क्रोमची ओळखीची ओळ 'मोझिला ५.०' ह्या नावाने सुरू होते. पुढे अ‍ॅपल वेबकिटचं नाव, मग कंसात 'केएचटीएमएल, गेकोसारखा', त्यानंतर कुठे स्वतःचं नाव, आणि शेवटी पुन्हा सफारी. नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवायचा, आणि काही साइट चांगली पानं फक्त मोझिलालाच द्यायच्या. म्हणून एक्सप्लोररने 'मीही मोझिलाच' म्हणायला सुरुवात केली. नंतर आलेल्या प्रत्येकाने आधीच्यांची नावं सांगत दारातून प्रवेश मिळवला. नेटस्केप कधीच गेला, पण त्याचं नाव सांगितल्याशिवाय आजही कुणी आत पाऊल टाकत नाही.

वेगाबद्दल मी फार बोलणार नाही. घरच्या वापरात हे सगळे सारखेच पळतात आणि सगळेच मेमरी खातात. एक टॅब कोसळला तरी बाकीचे उभे राहावेत, एका साइटने दुसरीत डोकावू नये, म्हणून ते टॅब वेगवेगळे सांभाळतात. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्याने ब्राउझरला शिव्या देऊ नयेत, इतकंच.

घरच्या कॉम्प्युटरची खरी गोम वेगळीच आहे: यंत्र एक आणि माणसं चार. पत्त्याच्या पट्टीत मी 'रा' टाइप करतो, मला राशिभविष्य बघायचं असतं, आणि खाली आपोआप उमटतं, 'राजीनामा पत्राचा नमुना'. हे कुणी शोधलं? जेवताना मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो. कुणी काही बोलत नाही, आणि विचारायचा धीर मलाही होत नाही. म्हणून माझ्या मते ब्राउझर कुठला हा प्रश्न दुसरा. आधी प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करावं. ज्याच्या खुणा (बुकमार्क), ज्याचे पासवर्ड, ज्याचे राजीनामे त्याच्यापाशी. इन्कॉग्निटो, म्हणजे मागे इतिहास न ठेवता ब्राउझर वापरणं, ह्याच कामापुरतं बरं आहे. ते घरच्यांपासून लपवतं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून आणि उघडलेल्या साइटपासून ते काहीच लपवत नाही, तरी लोक त्यावर भलता भरवसा ठेवतात.

राहिली पाळतीची गोष्ट, आणि माझी निवड तिथेच ठरली. आपण ज्या साइटवर गेलो तिच्याशिवाय तिसराच कुणीतरी आपल्या मागावर राहतो, तो मुख्यतः कुकींच्या, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून जातात त्या छोट्या नोंदींच्या, जोरावर. सफारीने २०२० पासून अशा तिऱ्हाइतांच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्स त्याच्या आदल्या वर्षापासून पाळत ठेवणाऱ्यांना आपण होऊन अडवतो. क्रोमनेही २०२० मध्ये बंद करू म्हणून जाहीर केलं, तारीख पुढे पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये बेत सोडून दिला. ज्याचं पोट जाहिरातींवर आहे त्याने हेच करावं, त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. पण मग क्रोमच्या नव्या नियमांत यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशनही (ब्राउझरला वरून जोडायचं छोटं साधन) बसेना. फायरफॉक्समध्ये ते अजून आहे. मी तिकडे गेलो. एखादी हट्टी साइट तिथे नीट उघडत नाही, तेवढ्यापुरता दुसरा ब्राउझर ठेवलाय.

बदलणं अवघड नव्हतं. खुणा आणि पासवर्ड नव्या ब्राउझरने आपण होऊन उचलून आणले. अवघड होतं ते घरच्यांना सांगणं, म्हणून मी सांगितलंच नाही. जुन्याचं चिन्ह पडद्यावर जिथे होतं, नेमकं तिथेच नव्याचं नेऊन ठेवलं. रंग वेगळा, आकार वेगळा, तरी सगळ्यांचा हात बिनचूक तिथेच गेला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. कित्येक दिवसांनी आई कॉम्प्युटरवरून उठता उठता म्हणाली, 'अरे, बाजूला त्या सेलच्या जाहिराती यायच्या, त्या कुठे गेल्या रे? बऱ्या होत्या की.'