माशांचा सहा फुटी टँक: साइफन तोडला, तरी पाणी काठाच्या आतच थांबलं

मंडळी, अखेर जमलं! रिटर्न पंप (टँकखालच्या संपमधून, म्हणजे उघड्या फिल्टर टाकीतून, पाणी वर टाकणारा) चालू ठेवून ओव्हरफ्लोचा साइफन (वरचं पाणी नळीतून संपमध्ये उतरवणारा प्रवाह) मुद्दाम तोडला. फरशीवर जुन्या सोलापुरी चादरी अंथरूनच बसलो होतो. वरच्या टँकमध्ये पाणी चढत गेलं, काठाच्या इंचभर खालपर्यंत पोचलं आणि पंप हवा ओढून खरखरायला लागला. लगेच स्विच बंद केला. चादरी कोरड्या ठणठणीत!

कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) की संप, ही चर्चा इथे भरपूर झाली आहे. माझ्यापुरता निकाल बादलीने लावला. खोक्यावर ताशी 2000 लिटर छापलेल्या कॅनिस्टरचा आउटलेट वीस लिटरच्या बादलीत सोडला, तर बादली भरायला पूर्ण एक मिनिट लागलं. म्हणजे ताशी 1200, आणि तेही स्पंज नुकताच धुतलेला असताना. खोक्यावरचा आकडा मीडिया (स्पंज वगैरे गाळणसाहित्य) न भरता, पाणी वर न चढवता काढलेला असतो. आपला टँक 6 × 2 × 2 फूट, म्हणजे 680 लिटर. आत दोन मोठे ऑस्कर मासे. ताशी चारपट तरी पाणी फिरायलाच हवं.

दुसरं कारण लाइट. एप्रिल-मेमध्ये लाइट दोन-तीन तास गेली की बंद डब्यातल्या, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन कमी पडतो. मुळात 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला 7.6. त्यात आपल्याकडचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. पीएच सातावरून आठावर गेला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. इथे सायकल, म्हणजे अमोनिया पचवण्याचं हे चक्र, ढिली पडणं परवडत नाही. संप उघडा असतो, लाइट गेली तरी बॅक्टेरियांना वरून हवा मिळत राहते.

आता खरं दुखणं. टँक भरलेला, मासे आत, तळाला भोक नाही. त्यामुळे काठावर लटकवायचा, यू-पाइपने (U आकाराच्या नळीने) पाणी बाहेर खेचणारा साइफन बॉक्सच वापरावा लागला. लाइट गेली आणि परत आली, मधल्या वेळात यू-पाइपमध्ये हवा भरली, तर साइफन सुरू होत नाही. पंप मात्र खालचं पाणी वर फेकत राहतो. घरी कोणी नसेल तर हॉलमध्ये तळं. बहुतेकांचा सल्ला एकच, चांगला बॉक्स घ्या. पण बॉक्स कितीही चांगला असला तरी कधी ना कधी हवा धरणारच, असं माझं ठाम मत आहे. म्हणून साइफन तुटणारच, असं धरूनच मांडणी केली.

गणित सोपं निघालं. सहा बाय दोनच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, 28 लिटर. पाण्याची पातळी काठाखाली दोन इंच ठेवली की वर 56 लिटरची जागा राहते. मग पंपाच्या कप्प्यातच 28 लिटरपेक्षा जास्त पाणी येऊ द्यायचं नाही! संप 4 × 1.5 × 1.5 फुटांचा. त्यात पंपाचा शेवटचा कप्पा एक फूट रुंद केला आणि पंपाच्या तोंडावर आठ इंच पाणी धरलं. दीड चौरस फुटावर आठ इंच, म्हणजे तेच 28 लिटर. साइफन तुटला तर पंप तेवढंच वर टाकतो आणि कोरडा पडतो. ज्यांच्याकडे पंप कोरडा चालण्याची भीती आहे त्यांनी ड्राय-रन कटऑफ असलेला (कोरडा पडताच आपोआप बंद होणारा) डीसी पंप बघावा, मीही तोच घेणार आहे.

लाइट गेल्यावरची उलटी बाजू, म्हणजे वरचं पाणी रिटर्न पाइपमधून संपमध्ये परत येणं, किरकोळ आहे. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं भोक पाडलं, त्यातून हवा शिरते आणि उलटा साइफन तुटतो. नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही. शेवाळाचा एक तुकडा अडकला की तो नीट बसत नाही.

पण कप्पा लहान ठेवल्याने नवीन पेच उभा राहिला. संपमध्ये बाष्पीभवनाची सगळी घट पंपाच्या कप्प्यातच दिसते, वरची पातळी हलतच नाही. उन्हाळ्यात पंखा लावल्यावर वरच्या टँकमधून दिवसाला अर्धा इंच उडणं नवीन नाही. ते 14 लिटर झाले. कप्प्यात तेच चार इंच! दोन दिवस गावाला गेलं की पंप उघडा.

ही घट आपोआप भरायला गच्चीवरच्या दोनशे लिटरच्या ड्रममधून पाइप आणून फ्लोट (पातळी उतरली की उघडणारा व्हॉल्व्ह) लावायचा, असं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की साइफन तुटून कप्पा रिकामा झाला की फ्लोट उघडणार, आणि अख्खा ड्रम पंपामार्फत हॉलमध्ये येणार. ड्रम रद्द. त्याऐवजी आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा जार. 28 आणि 20 मिळून 48, वर जागा 56. बसतंय! शिवाय बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात, त्यामुळे रोजची भर जड पाण्याने घातली तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढतच जातो. आरओने तो प्रश्नही मिटेल. पाणी बदलायला मात्र साठवून क्लोरीन उडवलेलं नळाचंच पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तो वार सोडत नाही.

मीडियाबद्दल थोडक्यात. आधी फिल्टर सॉक (गाळ धरणारी कापडी पिशवी), मग जाड स्पंज, मग भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या, साबण नसलेल्या. आमच्या नवी पेठेच्या बाजारात त्या ढिगाने मिळतात आणि महागड्या सिरॅमिक रिंग्जइतक्या लवकर गाळाने बुजत नाहीत. कप्प्यांच्या काचा स्थानिक काचवाल्याकडून कापून, कडा घासून घेतल्या. काम सुरेख केलंय.

जुना कॅनिस्टर अजून काढलेला नाही. नवीन मीडियावर बॅक्टेरिया बसेपर्यंत, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकेपर्यंत तो सोबत चालेल.

आता फ्लोट निवडायचा आहे. कूलरचा फ्लोट कमी दाबावरही चालतो म्हणून तोच बघतोय, पण पूर्ण प्लॅस्टिकचा. पितळेचा नको, त्यातलं तांबं पाण्यात उतरतं. कुणी असा फ्लोट वर्षभर वापरला असेल तर क्षार साचून अडकतो का, आणि जार किती उंचीवर ठेवला, एवढं जरूर कळवा.