दुधाचा खाडा, गोळीचा खाडा

मे महिन्यातली सकाळ, नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. घरोघरी जाऊन रुग्णांना पाहणं हे माझं काम. बी.पी. बघायला गेले तर काकाजी घामानं चिंब, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाचं कोणाला नवल नाही, पण हे तर थेट कूलरसमोर बसलेले! रक्तातली साखर मोजली, 52, म्हणजे फारच कमी.

शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून पाण्यात 3 चमचे साखर विरघळवून पाजली. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नये.) 15 मिनिटांनी 81 आली. मग पोहे दिले आणि तरीही दवाखान्यात पाठवलं. ते घेतात त्या साखर उतरवणाऱ्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, असर तासन्‌तास टिकतो, वय झालेल्या शरीरात तर जास्तच. वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते.

पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तर एक कमी. म्हणजे सकाळी दोनदा घेतली होती.

"मी तं लिहूनच ठेवलं होतं न जी!" घरी परतल्यावर काकाजी म्हणाले. खरंच होतं. फ्रिजवर चिठ्ठी होती : 'सकाळची शुगरची गोळी'. बस, एवढंच. क्रियापदच नाही. घ्यायची, की घेतली? सातला वाचली तरी आठवण, नवाला वाचली तरी आठवणच. मुलानं मोबाइलवर अलार्म लावून दिला होता, त्याचीही तीच गत. तो 'घे' म्हणतो. घेतली का, ते त्याला कुठं ठाऊक? बाकीच्या चिठ्ठ्या कूलरच्या वाऱ्यानं पलंगाखाली गेलेल्या.

भिंतीवरच्या कालनिर्णयात मात्र दुधाचा हिशेब चोख होता. 1, 1, दीड, खाडा. एकही चूक नाही. कारण दूध भांड्यात पडल्यावरच ते आकडा लिहितात. चौकोन रिकामा म्हणजे दूध यायचंय. इतक्या वर्षांची ही सवय विसराळूपणातही टिकली होती. मग नवी वही कशाला शिकवायची?

गोळीही त्याच चौकोनात घेतली. आधी गिळायची, मग हातातला पेला खाली ठेवण्याआधी वेळ लिहायची : 'गो. 7.20'. आधी लिहिलं आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली, तर लिहिलेली गोळी डबीतच राहते. जेलपेन काढून टाकला, ओल्या बोटांनी शाई फिसकटते. साधा बॉलपेन सुतळीनं खिळ्याला बांधला. सुटा पेन शोधायला गेलेला माणूस कशासाठी उठला तेच विसरतो. सूनबाईंनी आठवड्याच्या 7 खणांच्या डबीत गोळ्या भरायच्या, म्हणजे चौकोन आणि खण एकमेकांशी ताडून पाहता येतात. चिठ्ठ्या सगळ्या बंद.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळीही बरीच वर्षं सुरू होती, त्यानं बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. ते आणि थायरॉइड तपासायला डॉक्टरांना सुचवलं. विसरण्यामागे कधीकधी हीच कारणं निघतात.

तीन आठवड्यांनी गेले तेव्हा बुधवारी गोळी राहिली होती. नाश्ता होऊन गेल्यावर लक्षात आलं, डॉक्टरांना विचारून ती सोडून दिली, दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या नाहीत. चौकोनात लिहिलेलं होतं : 'दूध 1, गोळी खाडा'.