जाहिरातीचं पान माणसांना उघडतं, बॉटला नाही

रात्रीपर्यंत चालू असलेल्या जाहिराती सकाळी गूगल ॲड्सच्या खात्यात एकामागोमाग एक नामंजूर दिसायला लागल्या. कारण सगळीकडे एकच : डेस्टिनेशन नॉट क्रॉलेबल. म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर जे पान उघडतं, ते गूगलच्या तपासनीस बॉटला, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, वाचताच येत नाही. ज्यांच्यासाठी मी जाहिरातींचं काम बघते, त्यांनी मोबाइलवर पान उघडून स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ : ‘मॅडम, साइट तर मस्त चालतेय!’

चालतच होती. माझ्या फोनवर, लॅपटॉपवर, इन्कॉग्निटो खिडकीत, सगळीकडे दोन सेकंदांत पान समोर. पण नोटिशीत ‘साइट बंद आहे’ असं कुठेच म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे माणसाच्या ब्राउझरमध्ये काय दिसतं हा पुरावा इथे कामाचा नाही. प्रश्न बॉटचा होता, आणि तोसुद्धा एका ठरावीक बॉटचा.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. गूगल सर्चसाठी पानं वाचतो तो गूगलबॉट. जाहिरातींची पानं तपासायला येतो तो ॲड्सबॉट-गूगल, आणि मोबाइलच्या पानासाठी ॲड्सबॉट-गूगल-मोबाइल. नावं वेगळी, वागण्याचे नियमही वेगळे. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या यूआरएल (पानाचा पत्ता) तपासणीत आमचं पान हिरवं आलं तेव्हा वेबसाइट बनवणारा मुलगा म्हणाला, ‘बघा ताई, गूगलला दिसतंय.’ दिसतंय ते सर्चवाल्याला. ॲड्सबॉटला दिसतंय की नाही, हे त्या हिरव्या खुणेवरून अजिबात कळत नाही.

पहिली नजर गेली रोबोट्स डॉट टीएक्सटीवर. ही साधी मजकुराची फाइल साइटच्या मुळाशी असते आणि कुठल्या बॉटनं कुठे फिरकू नये ते सांगते. पद्धत १९९४ पासूनची, पण तिचं रीतसर मानक झालं ते २०२२ मध्ये, आरएफसी ९३०९ या नावानं. आमच्या फाइलमध्ये ‘यूजर-एजंट: *’ (चांदणी म्हणजे सगळे बॉट) खाली जाहिरातींच्या पानांचा फोल्डर बंद केलेला होता, आणि मुलगा तीच ओळ दाखवून म्हणाला, ‘सापडलं!’ पण ॲड्सबॉट त्या चांदणीला जुमानतच नाही. सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेला नियम तो स्वतःला लावून घेत नाही. त्याला थांबवायचं तर त्याचं नाव घेऊन थांबवावं लागतं.

म्हणून मी खाली खाली जात राहिले. नवी साइट करताना कुणीतरी नको असलेल्या बॉटची लांबलचक यादी कुठूनतरी उचलून जशीच्या तशी चिकटवली होती. मजकूर ओरबाडणारे, ईमेल पत्ते गोळा करणारे, कधीच बंद पडलेले, सगळे त्यात होते. आणि त्याच गर्दीत, अगदी मधोमध, ‘यूजर-एजंट: ॲड्सबॉट-गूगल’, त्याखाली ‘डिसअलाऊ: /’, म्हणजे अख्ख्या साइटवर बंदी. त्याच्याखाली मोबाइलवाल्यासाठी तीच जोडी पुन्हा. पैसे देऊन जाहिरात करणाऱ्या साइटनं जाहिरातींच्या तपासनीसालाच नाव घेऊन हाकललं होतं.

त्या चारही ओळी काढल्या. चांदणीखालच्या फोल्डरबंदीचा हेतू विचारला तर उत्तर आलं की ही पानं सर्चमध्ये येऊ नयेत. त्यासाठी पानातच नोइंडेक्सचा टॅग टाकायचा असतो. रोबोट्समधून पान बंद केलं की गूगलबॉटला ते उघडताच येत नाही, मग टॅग वाचणार कुठून? दुसरीकडून दुवा मिळाला तर नुसता पत्ता सर्चमध्ये येऊ शकतो. तेव्हा तीही ओळ काढली आणि टॅग टाकला. जाहिरातीच्या मंजुरीला नोइंडेक्सची आडकाठी नसते.

लगेच अपील करायचा मोह झाला, पण थांबले. गूगल रोबोट्सची फाइल साधारण २४ तासांपर्यंत साठवून ठेवतो. त्याआधी अपील केलं तर जुन्याच फाइलवर नकार येण्याची शक्यता. दुसऱ्या दिवशी अपील टाकलं. पुन्हा नामंजूर, कारण तेच.

आता सर्व्हरचा लॉग मागवला. खरं तर या प्रकारात लॉग सगळ्यात आधी बघायला हवा, पण होस्टिंग दुसऱ्यांकडे असलं की तो मिळेपर्यंत दिवस जातो. लॉगमध्ये प्रत्येक भेटीची एक ओळ असते : आयपी पत्ता, वेळ, मागितलेलं पान, दिलेला कोड आणि शेवटी यूजर-एजंट, म्हणजे पाहुण्यानं स्वतःचं सांगितलेलं नाव. ॲड्सबॉट शोधला. जुन्या तारखांना ओळीच ओळी, सगळ्यांपुढे २००, म्हणजे पान नीट मिळालं. मग एका तारखेपासून एकही नाही. ४०३ (प्रवेश नाकारला) नाही, ५०३ (सर्व्हर उपलब्ध नाही) नाही. त्या तारखेनंतर बॉट सर्व्हरच्या दारापर्यंत आलेलाच नव्हता.

एरर दिसली असती तर मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं असतं. ओळच नाही म्हटल्यावर अडवणारा सर्व्हरच्या अलीकडे कुठेतरी उभा आहे हे पक्कं झालं. ती तारीख कसली, असं विचारलं तर कळलं की त्याच दिवशी नवी साइट एका सीडीएनच्या, म्हणजे पाहुणे आणि सर्व्हर यांच्यामध्ये उभं राहून पानं पोचवणाऱ्या सेवेच्या, मागे नेली होती, सुरक्षेसाठी फायरवॉलसकट. रोबोट्सची फाइल ही दारावरची ‘आत येऊ नये’ची पाटी, शहाणा माणूस ती वाचून मागे फिरतो. फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. तो पाटी वाचायची संधीसुद्धा देत नाही.

मग एक गंमत लक्षात आली. फायरवॉल सगळंच अडवत होता, म्हणजे रोबोट्सची फाइलसुद्धा. ती मागितली की बॉटला ४०३ मिळत होता. आणि रोबोट्सच्या फाइलसाठी चारशेच्या घरातला कोड आला, तर ४२९ सोडून, गूगल ती फाइल नाहीच असं समजतो आणि कुठेही बंदी नाही असं धरतो. (पाचशेच्या घरातला आला तर उलट : काही काळ पूर्ण साइटच बंद असं धरतो.) म्हणजे आम्ही काढलेल्या त्या चार ओळी बॉटनं अलीकडे वाचल्याच नव्हत्या. तरी काढल्या ते बरंच झालं. नाहीतर वॉचमन बाजूला झाल्याबरोबर पाटीनं अडवलं असतं आणि आम्ही पुन्हा फायरवॉलवरच संशय घेत बसलो असतो.

सीडीएनच्या फायरवॉलची स्वतंत्र नोंदवही असते, ती उघडली. यूजर-एजंटमध्ये ‘ॲड्सबॉट’ टाकून गाळलं आणि पडदा भरून गेला. प्रत्येक ओळीत कृती ‘ब्लॉक’, देश ‘अमेरिका’, नियम ‘फक्त आपल्या देशातून प्रवेश’. परदेशातून येणारे खोटे अर्ज थांबवावेत म्हणून कुणीतरी तो नियम लावला होता. हेतू चांगला, पण गूगलचे बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतात. ग्राहक कुठल्याही देशातले असोत, तपासनीस तिकडूनच येणार.

होस्टिंगच्या मदत विभागानं सोपा उपाय सुचवला : यूजर-एजंटमध्ये ॲड्सबॉट असेल त्याला सरसकट सोडा. मी नको म्हटलं. ते नाव कुणीही लावू शकतं. एका ओळीच्या कमांडनं मीच ॲड्सबॉट होऊ शकते. असं दार उघडलं की ज्यांना थांबवायला फायरवॉल लावला तेच टोपी बदलून आत येतील. खरा बॉट ओळखायची रीत ठरलेली आहे. आयपी पत्त्यावरून उलटं नाव काढायचं. ॲड्सबॉटसारख्या खास कामाच्या बॉटचं नाव ‘रेट-लिमिटेड-प्रॉक्सी’नं सुरू होऊन ‘गूगल डॉट कॉम’वर संपतं. मग त्या नावावरून पुन्हा पत्ता काढायचा आणि तोच येतो का ते बघायचं. दोन्ही जुळले तर खरा. नोंदवहीतले काही पत्ते मी हातानं तपासले, बहुतेक खरे निघाले. एक-दोन तोतये होते, ते बाहेरच राहू दिले. रोज हे हातानं करायची गरज नसते : बऱ्याच सीडीएनमध्ये ‘पडताळलेले बॉट’ अशी सोय असते, शिवाय गूगल आपल्या बॉटच्या पत्त्यांच्या याद्या प्रसिद्ध करतो.

याचमुळे कर्ल या पान मागवणाऱ्या कमांडनं ॲड्सबॉटचं नाव लावून केलेली चाचणी फसवी ठरू शकते. वेबसाइटवाल्या मुलानं ती केली, त्याला ४०३ आला आणि तो घाबरला. पण आपल्या घरच्या आयपी पत्त्यावरून गूगलच्या बॉटचं नाव सांगणाऱ्याला शहाण्या फायरवॉलनं अडवायलाच हवं. ती चाचणी एवढंच सांगते की नावावर भुलणारा नियम लावलेला नाही.

पडताळलेल्या बॉटला देशाच्या नियमातून सूट दिली. नोंदवहीत कृती बदलली, पण ‘अलाऊ’ नाही झाली, ‘चॅलेंज’ झाली. त्या नियमाखाली दुसरा नियम दबा धरून बसला होता : शंका आली की ‘तुम्ही माणूस आहात का’ हे तपासणारं पान आधी दाखवायचं. माणसाच्या ब्राउझरमध्ये ते क्षणभर चमकून जातं, कित्येकदा लक्षातही येत नाही. बॉट तिथेच अडकतो. फायरवॉलचे नियम वरून खाली चालतात, म्हणून सूट देणारा नियम अगदी वर नेला आणि त्यात पुढचे दोन्ही नियम वगळायला सांगितलं. थोड्या वेळानं सर्व्हरच्या लॉगमध्ये आधी रोबोट्सची फाइल, मग जाहिरातीचं पान, दोन्हीपुढे २०० आणि शेवटी ॲड्सबॉटचं नाव अशा ओळी आल्या. त्या बघितल्यावरच दुसरं अपील टाकलं. पॉलिसी मॅनेजरमध्ये दोन पर्याय असतात, निर्णय मान्य नाही किंवा आम्ही बदल केले आहेत. आमचा दुसरा.

मधल्या काळात एकानं सल्ला दिला होता की बॉट आला की त्याला वेगळं साधं पान दाखवा, झंझटच नको. असल्या सल्ल्यापासून चार हात लांब राहावं. बॉटला एक आणि ग्राहकाला दुसरं दाखवणं म्हणजे क्लोकिंग. आज फक्त जाहिराती अडल्या आहेत, त्यात सापडलं तर अख्खं खातं निलंबित होऊ शकतं.

बहुतेक जाहिराती मंजूर झाल्या, पण काही तशाच अडकून राहिल्या. त्यांच्यात साम्य हे की त्यांच्या पानाच्या मुख्य पत्त्यातच (यूआरएलमध्ये) मोजमापाची लांबलचक शेपटी जोडलेली होती, प्रत्येक जाहिरातीची वेगळी. पान एकच, पण बॉटच्या लेखी तेवढे वेगवेगळे पत्ते, म्हणून तो प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्र येत होता. थोड्या वेळात इतक्या भेटी बघून सर्व्हरनं ४२९ द्यायला सुरुवात केली, म्हणजे ‘फार वेळा विचारताय, थांबा’. शेपट्या काढून गूगल ॲड्समधल्या ट्रॅकिंग टेम्प्लेटमध्ये आणि फायनल यूआरएल सफिक्समध्ये नेल्या; त्या जागा त्यासाठीच असतात. सगळ्या जाहिरातींचा मुख्य पत्ता एक झाला, सर्व्हरची वेगमर्यादा थोडी सैल केली, आणि त्या जाहिरातींसाठी वेगळं अपीलही करावं लागलं नाही. जाहिरातीत बदल केला की ती आपोआप पुन्हा तपासणीला जाते.

आता त्या साइटसाठी एक छोटी स्क्रिप्ट दर सोमवारी दोन्ही लॉग चाळते, सर्व्हरचा आणि सीडीएनचा. ॲड्सबॉटच्या भेटींना २०० सोडून काही मिळालं, किंवा आठवडाभर तो आलाच नाही, तर मला मेल येतो. साइट चालू आहे की नाही बघणारी जी सेवा आधीपासून होती, ती या सगळ्या काळात ‘सर्व ठीक’च सांगत होती. ती आपल्याच देशातून बघते.